एक क्युव्हेट, तीन घटक: यूव्ही आणि केमोमेट्रिक्सने औषधी द्रावण कसे मोजावे

आम्ल द्रावणात पॅरासिटामॉलच्या यूव्ही शोषणाचे शिखर २४४ नॅनोमीटरच्या आसपास, मिथाइल पॅराबेन या टिकवण द्रव्याचे २५६ च्या आसपास, कॅफीनचे २७३ ला. तिघे एका क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक पात्रात, आले की पडद्यावर तीन शिखरे दिसत नाहीत. दिसतो एकच बसका डोंगर, त्याच्या उजव्या खांद्यावर थोडासा उंचवटा. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, नव्याने लागलेली बी. फार्मची मुले हा डोंगर बघतात आणि सरळ एचपीएलसीकडे, म्हणजे घटक आधी वेगळे करून मग मोजणाऱ्या यंत्राकडे, वळतात. त्यात चूक काही नाही. पण दिवसाला चाळीस नमुने असतील आणि त्या यंत्राला लागणाऱ्या ॲसिटोनायट्राइल द्रावकाच्या बाटल्या मोजून मिळत असतील, तर एका मिनिटाच्या स्कॅनमधून तिन्ही आकडे काढता येणे ही हाताशी असावी अशी विद्या आहे. केमोमेट्रिक्स म्हणतात ते हेच: रासायनिक मोजमापांतून गणिताने माहिती काढणे.

खाली दिलेली पद्धत सरावाच्या द्रावणावर आहे: ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पॅरासिटामॉल, कॅफीन आणि मिथाइल पॅराबेन. लागणारी सामग्री कुठल्याही फार्मसी कॉलेजात मिळते. सॉफ्टवेअर शेवटी येते आणि त्याला एक दुपार पुरते. बाकीचे दोन-तीन दिवस पिपेट आणि फ्लास्क यांच्यातच जातात, आणि पद्धत टिकते की कोसळते तेही तिथेच ठरते.

दोन समीकरणांचा जुना रस्ता, आणि तो कुठे फसवतो

बीअर-लँबर्टचा नियम सगळ्यांना पाठ असतो: शोषण म्हणजे गुणांक गुणिले क्युव्हेटची जाडी गुणिले संहती. त्यातली कामाची गोष्ट अशी की शोषणे बेरजेने वागतात. एका तरंगलांबीवर दिसणारे शोषण म्हणजे प्रत्येक घटकाच्या वाट्याची बेरीज. घटक दोन असतील तर दोन तरंगलांब्या घ्या, दोन समीकरणे मांडा, सोडवा.

समजा १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, दर मायक्रोग्रॅम प्रति मिलीमागे पॅरासिटामॉलचे शोषण २४४ ला ०.०६६ आणि २७३ ला ०.०१८ आहे. कॅफीनचे अनुक्रमे ०.०१२ आणि ०.०५०. मिश्रणाचे शोषण २४४ ला ०.५७६ आणि २७३ ला ०.३४४ आले. आता

छेद = ०.०६६ × ०.०५० − ०.०१२ × ०.०१८ = ०.००३०८४
पॅरासिटामॉल = (०.५७६ × ०.०५० − ०.३४४ × ०.०१२) ÷ छेद = ८.०
कॅफीन = (०.०६६ × ०.३४४ − ०.०१८ × ०.५७६) ÷ छेद = ४.०

उत्तर चोख. आता त्याच द्रावणात फक्त १ मायक्रोग्रॅम प्रति मिली मिथाइल पॅराबेन आहे असे धरा, आणि त्याचा वाटा २४४ ला ०.०८० व २७३ ला ०.०५० माना. शोषणे होतात ०.६५६ आणि ०.३९४. तीच समीकरणे आता पॅरासिटामॉल ९.१ आणि कॅफीन ४.६ सांगतात. दोन्ही आकडे चौदा-पंधरा टक्क्यांनी फुगले, आणि समीकरणाने चकार शब्द काढला नाही. दोन अज्ञातांना दोनच वाचने असल्यामुळे उत्तर नेहमीच निघते. खोटेपणा उघडा पडायला तिसरा साक्षीदार नाही. म्हणून दोनऐवजी २२० ते ३०० नॅनोमीटर, दर १ नॅनोमीटरला, अशी ८१ वाचने घ्यायची. साक्षीदार जास्त असले की कोण काय लपवतो ते कळते.

आधी यंत्राची खातरजमा

होल्मियमच्या द्रावणाने तरंगलांबी तपासा (२४१.१५ आणि २८७.१५ ही शिखरे आपल्या पट्ट्यात येतात, सूट ±१ नॅनोमीटर), पोटॅशियम डायक्रोमेटने शोषण तपासा, आणि १.२ टक्के पोटॅशियम क्लोराइडने १९८ नॅनोमीटरला भटका प्रकाश. तिथे शोषण २ च्या वर हवे. हे बहुतेक प्रयोगशाळांत महिन्याला होतेच. नव्या कामाआधी पुन्हा करा.

ड्युटेरियम दिव्याला अर्धा तास तापू द्या. पावसाळ्यात वीज डोळा मिचकावते, तेव्हा यंत्र यूपीएसवर असले तरी एसी गेलेला असतो आणि तासाभरात खोली बदलते. क्युव्हेट क्वार्ट्झचाच, खरखरीत बाजूंनी धरायचा, बाणाची खूण रोज एकाच दिशेला. गोव्यातली खास अडचण दमटपणाची. फ्रिजमधून काढलेले द्रावण लगेच क्युव्हेटमध्ये ओतले तर बाहेरच्या भिंतीवर दव धरते, आणि सगळा स्पेक्ट्रम उगीच वर उचलला जातो. द्रावण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चहा घ्या.

द्रावक सगळ्यांना एकच, आणि पीएच बांधलेला. पॅरासिटामॉल अल्कलीत गेले की त्याचे शिखर २४४ वरून २५७ ला सरकते, पॅराबेनचे तर २९५ च्याही पुढे. साध्या पाण्यात काम केले आणि नमुन्यातल्या एखाद्या क्षारामुळे पीएच चढला, की मॉडेलने पूर्वी पाहिलेला रेणू समोर राहतच नाही. ०.१ नॉर्मल आम्लात तिन्ही घटक मुकाट बसतात.

पंचवीस फ्लास्क

इथे थोडा वेळ थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

प्रत्येक घटकाचे ५० मिलिग्रॅम वजन करून १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये द्रावण करा. १० मिलिग्रॅम नको. ०.१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर १० मिलिग्रॅममागे शेवटच्या अंकाची चूक १ टक्का होते, ५० वर ती ०.२ वर येते. पॅराबेन आम्लात नखरे करतो, म्हणून ५ मिली मिथेनॉलात आधी विरघळवा. मग या ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या द्रावणातून पॅरासिटामॉल आणि कॅफीनचे ५० मिली, पॅराबेनचे २५ मिली, प्रत्येकी २५० मिलीपर्यंत आम्लाने भरा. हाती आले १००, १०० आणि ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली.

कामाचे फ्लास्क ५० मिलीचे. प्रत्येकात प्रत्येक घटकाचे १, २, ३, ४ किंवा ५ मिली टाकायचे. म्हणजे पॅरासिटामॉल आणि कॅफीन २ ते १०, पॅराबेन १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. पण कुठल्या फ्लास्कमध्ये कुणाचे किती?

नवखा माणूस पहिल्या फ्लास्कमध्ये तिघांचे १ मिली घालतो, दुसऱ्यात तिघांचे २ मिली, असे चढत जातो. आलेख सुंदर येतात आणि मॉडेल मातीमोल होते. तिघे नेहमी एकत्र वाढले तर कोणामुळे काय वाढले हे गणिताला कळण्याची सोयच उरत नाही. कॅफीन मोजायचे म्हणून ते पॅरासिटामॉलची सावली मोजत बसते. तीन घटकांच्या प्रमाणांत आपसात सहसंबंध शून्य हवा.

तो मिळवायची युक्ती कागद-पेन्सिलीची आहे. पाच पातळ्यांना ०, १, २, ३, ४ असे क्रमांक द्या. ० म्हणजे १ मिली, ४ म्हणजे ५ मिली. पॅरासिटामॉल आणि कॅफीनच्या पाच गुणिले पाच अशा पंचवीस जोड्या लिहा. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही क्रमांकांची बेरीज करा, ५ ने भागा, आणि उरलेली बाकी ही पॅराबेनची पातळी. उदाहरणार्थ पॅरासिटामॉल ३ आणि कॅफीन ४: बेरीज ७, बाकी २. म्हणजे त्या फ्लास्कमध्ये पॅरासिटामॉल ४ मिली, कॅफीन ५ मिली, पॅराबेन ३ मिली. अशा पंचवीस फ्लास्कांत कुठल्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी बरोबर एकदा येते, आणि सहसंबंध नेमका शून्य निघतो. खात्रीसाठी एक्सेलमध्ये ‘कोरेल’ लावून बघा.

सर्वांत जड फ्लास्कातही शोषण १.५ च्या खाली राहायला हवे. तसे राहत नसेल तर पातळ्या खाली आणा.

फ्लास्क तयार केलेल्या क्रमाने वाचू नका. चिठ्ठ्या टाका. दिवा हळूहळू सरकत असेल आणि तुम्ही कमी ते जास्त असे वाचत गेलात, तर दिव्याचे सरकणे संहतीच्या खात्यावर जमा होते. दर पाच वाचनांनी ब्लँक, म्हणजे नुसता द्रावक. प्रत्येक फ्लास्कचे तीन स्कॅन, सरासरी एक.

पडताळणीचे फ्लास्क: माझी फजिती

पंचवीस फ्लास्क मॉडेल बांधायला. ते तपासायला आणखी नऊ-दहा, पण ते वेगळ्या दिवशी, नव्याने वजन केलेल्या द्रावणांतून, आणि मधल्या प्रमाणांचे, जसे १.५ किंवा ३.५ मिली. ‘त्याच साठ्यातून दहा फ्लास्क जास्तीचे करून ठेवू’ हा मोह आवरा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळलेल्या बोटाने सांगतो. एका जुलैत मी असेच पंचवीस फ्लास्क केले. मॉडेल देखणे, अंतर्गत तपासणीतल्या चुका अर्ध्या टक्क्याच्या आत. मग नवे वजन घेऊन पडताळणीचे फ्लास्क केले, तर पॅरासिटामॉल आणि पॅराबेन ठीक, पण कॅफीन प्रत्येक फ्लास्कमध्ये ९ टक्के जास्त. एकातही कमी नाही, सगळ्यांत जास्त. दोन दिवस मी सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. तिसऱ्या दिवशी साफसफाई करणाऱ्या मावशींनी कपाट पुसायला म्हणून दोन बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि लेबले एकदम नजरेत आली. एक निर्जल कॅफीन, दुसरे सजल. सजल कॅफीनच्या रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू असतो, रेणुभार १९४.२ ऐवजी २१२.२. म्हणजे ५० मिलिग्रॅम म्हणून मी ४५.८ मिलिग्रॅमच कॅफीन घातले होते. मॉडेल त्या चुकीवर मोठे झाले, म्हणून खरे ५० त्याला ५४.६ दिसत होते.

अंतर्गत तपासणीत ही चूक का सापडली नाही? कारण तिथे तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच साठ्याचे पाणी प्यालेले असतात. चूक सर्वांत सारखी असली की ती चूक म्हणून दिसतच नाही. तेव्हापासून वजनाआधी लेबल मोठ्याने वाचायची सवय लागली आहे. शेजारच्या टेबलावरची मुले हसतात.

गणिताकडे

आता हातात दोन तक्ते आहेत. एक पंचवीस ओळी आणि ८१ स्तंभांचा, शोषणांचा. दुसरा पंचवीस ओळी आणि तीन स्तंभांचा, संहतींचा.

सगळ्यात सोपा मार्ग क्लासिकल लीस्ट स्क्वेअर्स, सीएलएस. संहतींच्या तक्त्यावरून प्रत्येक घटकाचा शुद्ध स्पेक्ट्रम काढायचा आणि मग अज्ञात नमुना त्या तीन स्पेक्ट्रांच्या बेरजेत बसवायचा. एक्सेलमध्ये ‘ट्रान्सपोज’, ‘एममल्ट’ आणि ‘मिनव्हर्स’ एवढ्या तीन सूत्रांत होते. मी नेहमी याने सुरुवात करतो, कारण निघालेले तीन स्पेक्ट्रा शुद्ध द्रव्यांच्या स्कॅनशी ताडून बघता येतात. ते जुळले नाहीत तर फ्लास्क भरताना घोळ झाला आहे. पुढे जाण्यात अर्थ नाही. सीएलएसची मर्यादा एकच पण मोठी: द्रावणात शोषणारे जे जे आहे ते सगळे तुम्हाला माहीत असावे लागते.

ती अट सैल करतो पार्शल लीस्ट स्क्वेअर्स, पीएलएस. स्वीडनच्या हर्मन वोल्ड यांनी मूळ पद्धत अर्थशास्त्रासारख्या विषयांसाठी घडवली, आणि त्यांचे चिरंजीव स्वान्ते वोल्ड व नॉर्वेचे हाराल्ड मार्टेन्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रसायनशास्त्रात रुजवली. कल्पना अशी: ८१ वाचने ८१ वेगळ्या गोष्टी सांगत नाहीत, २५० आणि २५१ जवळपास एकच बोलतात. म्हणून त्यांचे सार काही थोड्या घटकरेषांत, म्हणजे फॅक्टरांत काढायचे, आणि ते काढताना संहतीशी नाते असलेल्या बदलालाच वजन द्यायचे. पीसीआर (प्रिन्सिपल कंपोनंट रिग्रेशन) नावाची भावंड पद्धत सार काढताना संहतीकडे बघतच नाही. आपल्यासारख्या स्वच्छ तक्त्यावर दोघांची उत्तरे जवळजवळ सारखी येतात, त्यामुळे कोणती निवडावी यावर वाद घालण्यात मला रस नाही.

पायथॉनमध्ये सायकिट-लर्नचा पीएलएस फुकट मिळतो, ‘आर’ या संगणकभाषेतही पॅकेज आहे. पायथॉन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे ‘स्केल’ ही सोय न सांगता चालू असते. ती प्रत्येक तरंगलांबीला सारखे वजन देते, म्हणजे ३०० नॅनोमीटरला, जिथे जवळपास नुसता गोंगाट (यंत्राची अर्थहीन थरथर) आहे, तोही २४४ च्या बरोबरीने बोलू लागतो. स्पेक्ट्रासाठी ती बंद करा. सरासरी वजा करणे मात्र राहू द्या.

फॅक्टर किती घ्यायचे? प्रत्येक वेळी एक फ्लास्क बाजूला काढा, उरलेल्या चोवीसांवर मॉडेल बांधा, बाजूला काढलेल्याचा अंदाज घ्या. पंचवीस वेळा हे करून चुकांच्या वर्गांची बेरीज करा. एक फॅक्टर, दोन, तीन असे वाढवत गेलात की ही बेरीज आधी धाडकन उतरते आणि मग सपाट होते. वळण येते तिथे थांबा. किमान बेरीज ज्या आकड्याला येते तो डोळे झाकून घेऊ नका. हालँड आणि थॉमस यांनी १९८८ मध्ये सांगितलेला नियम असा की किमानापेक्षा लक्षणीय वाईट नसलेल्यांतला सर्वांत लहान आकडा घ्यावा. आपल्याकडे घटक तीन, म्हणून तीन फॅक्टर अपेक्षित; पायारेषा, म्हणजे स्पेक्ट्रमचा तळ, थोडी डुलत असेल तर चार. सॉफ्टवेअर आठ म्हणाले तर ते गोंगाट पाठ करते आहे, किंवा तुमचा एखादा फ्लास्क बिघडलेला आहे.

पायारेषा फारच डुलत असेल तर सावित्झ्की-गोले पद्धतीने पहिला डेरिव्हेटिव्ह घ्या. पण गरज नसताना नको. डेरिव्हेटिव्ह गोंगाटही वाढवतो.

मग पडताळणीचे फ्लास्क मॉडेलला दाखवा. प्रत्येक घटकासाठी खऱ्या आणि अंदाजित संहतीतल्या फरकाचा वर्ग, त्यांची सरासरी, तिचे वर्गमूळ: हा आरएमएसईपी. पॅरासिटामॉलची मधली संहती ६ आणि आरएमएसईपी ०.०६ आला तर चूक १ टक्क्याची. रिकव्हरी, म्हणजे खऱ्या संहतीच्या किती टक्के सापडले ते, ९८ ते १०२ टक्क्यांत हवी. आणि फरकांची चिन्हे जरूर बघा. सगळे एकाच बाजूला झुकले असतील तर माझे कॅफीन आठवा.

खरा नमुना आला की

आधी संहती बघू नका. आधी शिल्लक बघा: मॉडेलने रचलेला स्पेक्ट्रम नमुन्याच्या स्पेक्ट्रमातून वजा करा. उरलेली रेषा शून्याभोवती किरकिरत असेल तर नमुना ओळखीचा. तिला आकार असेल, कुठे टेकाड असेल, तर आत परका कोणी आहे आणि तिन्ही आकडे संशयित. दोन समीकरणांकडे नव्हता तो साक्षीदार हाच. एकदा एका गोड द्रावणाच्या शिलकीत २८४ ला टेकाड दिसले. साखर तापली की त्यातून हायड्रॉक्सिमिथाइल फर्फ्युरल तयार होते आणि ते नेमके २८४ ला शोषते. बाटली एप्रिलभर पत्र्याच्या शेडमध्ये राहिली होती.

म्हणून सिरप मोजायचे असेल तर औषधाविना केलेला तोच पाक, रंग आणि सुगंधासह, कॅलिब्रेशनच्या फ्लास्कांतही घाला. व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन यूव्हीत भरपूर शोषते. आणि सिरप पिपेटने मोजू नका, तो भिंतीला चिकटून राहतो. वजन करा आणि घनतेने भागा.

पातळ्याही उत्पादनाप्रमाणे बदला. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलबरोबर ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते तेव्हा १० मायक्रोग्रॅमला कॅफीन जेमतेम १.३ पडते, म्हणजे आपल्या व्याप्तीच्या बाहेर. तिथे कॅफीनच्या पातळ्या ०.५ ते २.५ करा. सिरपमधला पॅराबेन तर याहून खाली जातो. इतक्या कमी प्रमाणात यूव्हीकडून पॅराबेनचा नेमका आकडा मागू नये. तो मॉडेलमध्ये बसवायचा तो पॅरासिटामॉलचा आकडा बिघडू नये म्हणून.

बऱ्याच सिरपांत मिथाइलबरोबर प्रोपाइल पॅराबेनही असतो. मुले विचारतात, सर, पीएलएसने ते दोन वेगळे होतील का? नाही होणार. दोघांचा प्रकाश शोषणारा भाग एकच, शेपटी तेवढी लांब-आखूड, आणि शेपटी यूव्हीत दिसत नाही. चवथीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कांसाळे एकदम वाजली तरी जाणता कान तिघांना वेगळे करतो. पण एकाच सुराची दोन घुमटे एकाच तालात वाजली तर कोणाचा हात जोरात पडला ते कोणी सांगावे? दोन्ही पॅराबेन मिळून एकच घटक धरा, वेगळे हवे असतील तर एचपीएलसी लावा.

आणखी दोन ठिकाणी ही पद्धत वापरू नये. एक, स्थिरता चाचणीतली किरकोळ अशुद्धी. अर्धा टक्का पॅरा-अमिनोफेनॉल पॅरासिटामॉलच्या डोंगराखाली गडप होतो. दुसरे, डायएथिलीन ग्लायकॉल. त्या विषाला २२० च्या वर शोषणारा गटच नाही, यूव्हीला ते दिसतच नाही; त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, ज्या उत्पादनाची पद्धत दिली आहे, तिथे बॅच सोडताना तीच पद्धत निर्णायक. ही पद्धत प्रक्रियेवर नजर ठेवायला, मिश्रण एकजीव झाले का ते बघायला, विरघळण्याच्या चाचणीतले ढीगभर नमुने उरकायला. ती कागदोपत्री मांडायची असेल तर आयसीएच या औषध-मानकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा २०२३ मध्ये सुधारलेला क्यू२ हा मार्गदर्शक वाचा. त्यात बहुचल मॉडेलांसाठी स्वतंत्र मजकूर आहे.

आठवड्यातून एकदा, आणि दिवा बदलला की न चुकता, ज्ञात संहतीचे तीन फ्लास्क नव्याने करून मॉडेलला दाखवा: एक हलका, एक मधला, एक जड. आकडे आणि शिलकीची रेषा, दोन्ही वहीत चिकटवा. दुसऱ्या यंत्रावर मॉडेल जसेच्या तसे उचलून नेऊ नका. स्लिटची रुंदी वेगळी असली तरी डोंगराचा आकार बदलतो. पंचवीस फ्लास्कांची ती यादी आणि वापरलेल्या बाटल्यांचे लॉट क्रमांक याच वहीच्या पहिल्या पानावर हवेत, कॅफीन निर्जल की सजल यासह.